कोरडा हौद, ओली भिंत

घर विकायला काढणारा माणूस आधी बैठकीत बसवतो, चहा पाजतो आणि मग हौसेनं स्वयंपाकघर दाखवतो. मी आधी गच्चीवर जाते, मग हौदात डोकावते आणि चहा सगळ्यात शेवटी घेते. चहा आधी घेतला की भीड पडते, आणि भीड पडली की भिंतीचे पोपडे दिसेनासे होतात. त्यामुळे शहरातल्या बऱ्याच घरांतून मला फटकळ बाई म्हणून ओळखतात. मला त्याचं काही वाटत नाही.

धंदा सांगायला सोपा आहे. जुनं, थकलेलं घर विकत घ्यायचं, त्याची डागडुजी करायची आणि जरा बऱ्या किमतीला विकायचं. नातेवाइकांत ‘सुनंदा दलाली करते’ असं म्हणतात. दलाल दुसऱ्याचं घर तिसऱ्याला दाखवतो आणि मोकळा होतो. मी घेतलेलं घर फसलं तर ते माझ्याच गळ्यात पडतं. तरुणपणी मी एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचे. तिथं घर कसं उभं राहतं ते शिकले. ते आजारी कसं पडतं ते मात्र हा धंदा करताना कळलं. बांधकामाचं सगळं काम पहिल्यापासून रफिकभाईंकडे आहे. आम्ही दोघं रोज भांडतो आणि रोज एकत्र काम करतो.

बाहेरच्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. आमच्या संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांच्या अंतरानं येतं, तेही ठरावीक वेळ. म्हणून इथं घराच्या पोटात हौद असतो आणि त्या हौदावर घर चालतं. पाहुणे कधी बोलवायचे, गोधड्या कधी धुवायच्या, हे सगळं पाण्याच्या दिवसावर ठरतं. घर बघायला मीही पाण्याच्या दिवशीच जाते. एरवी कोरडीठाक दिसणारी भिंत त्या दिवशी खरं बोलायला लागते. हा माझा नेम आहे आणि त्यानं मला बऱ्याच वेळा वाचवलं आहे.

दुसरा नेम रंगाचा. सगळं घर जुनाट आणि एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर मी त्या भिंतीजवळ खुर्ची मागून घेते आणि बसून राहते. घरमालकाला काही वेळानं आपोआप घाम फुटतो. एकदा एका गृहस्थांनी अशा भिंतीपुढं चांगलं मोठं कपाट उभं केलं होतं. मी ते सरकवायला सांगितलं तर म्हणाले, “त्यात आईचं देवघर आहे, हलवता येत नाही.” मी चप्पल काढून हात जोडले आणि कपाट उघडलं. आत इस्त्रीचे कपडे होते.

गिऱ्हाइकांचेही नमुने कमी नाहीत. गुलमंडीवर कापडाचं दुकान असलेले एक शेठ घर बघायला आले. त्यांनी भिंतीला हातसुद्धा लावला नाही, घरभर फिरून पडदे चिमटीत धरून बघितले. “कापड खरं आहे,” म्हणाले आणि तिथंच व्यवहार पक्का केला. बिडकीनकडून चार भाऊ आले होते. सगळ्यांना सारख्याच मापाची खोली हवी होती. सोबत आणलेल्या दोरीनं त्यांनी माझं आख्खं घर मोजलं, मग दोरी कुणाच्या हातात ढिली होती यावरून त्यांची आपापसातच जुंपली, आणि मी मधे पडून सगळ्यांना सरबत पाजून वाटेला लावलं. असल्या गमती सांगायला लागले तर संपायच्या नाहीत. पण ज्या घरानं माझी झोप उडवली आणि मग परतही दिली, ते मुकुंदवाडीच्या पुढच्या रो-हाऊसच्या कॉलनीतलं.

रो-हाऊस म्हणजे एकाला एक चिकटलेली घरं. दोन घरांत एकच भिंत. तिकडच्या घरात कुणी खोकलं तर इकडं कळतं. त्या कॉलनीत एक रीत होती. नळाला पाणी आलं की ज्याला आधी कळेल त्यानं सामाईक भिंतीवर ठोकायचं. मग शेजारी पुढच्या भिंतीवर ठोकतो. बघता बघता आख्ख्या ओळीत पाणी आल्याची बातमी पोचते. फोन सगळ्यांकडे आहेत, पण ठोकल्याशिवाय लोकांना पाणी आल्यासारखं वाटत नाही.

घराचे मालक मुलाकडे पुण्याला निघाले होते. मी नेमाप्रमाणे पाण्याच्या दिवशी गेले, हौद बघितला, भिंतींवरून हात फिरवला. सगळं कोरडं. घर घेतलं. मागचं अंगण आणि मागच्या खोलीचा थोडा भाग तोडून आम्ही तिथं नवी न्हाणी आणि धुण्याची जागा काढली. काम चालू असताना शेजारचे सोनवणे काका रोज येऊन उभे राहायचे. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. समोरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, खाली पुस्तकांचं कपाट, आणि मागच्या अंगणात हौदाच्या झाकणावर कायम एक खुणा केलेली काठी. हौदात ती काठी बुडवून पाणी किती उरलं ते रोज सकाळी बघायचे.

मला वाटलं, म्हातारा कामात खुसपट काढायला येतोय. तर एक दिवस ते संकोचून म्हणाले, “म्याडम, हे घर दुसऱ्या कुनाला द्यायचं बोलू नका. माझ्या संगीताला पाहिजे.”

संगीता त्यांची मुलगी. एका दवाखान्यात सिस्टर. नवरा वारलेला, पदरात प्रज्ञा नावाची सहावीतली मुलगी. दोघी वाळूजकडं एका भाड्याच्या खोलीत राहायच्या. संगीताची ड्युटी लागली की प्रज्ञा एकटी, आतून कडी लावून बसायची. जेवायच्या सुट्टीत आई फोन करून पहिलं विचारायची, “कडी लावली का?” आई-वडिलांकडं राहायला यावं, तर त्यांच्या घरात दोन खोल्या, त्यात भावाचा संसार. शेजारचं घर मिळालं तर सगळंच सुटणार होतं. संगीतानं बिडकीनजवळचा प्लॉट विकला, खोलीच्या मालकाला सोडते म्हणून सांगितलं. प्रज्ञानं मागच्या खोलीला पिवळा रंग निवडला. रफिकभाईंनी नाक मुरडलं आणि तोच लावला.

रंग वाळला आणि त्याच पिवळ्या भिंतीवर भेग आली.

भेगांचं थोडं समजून घ्या. छताजवळची आडवी भेग बहुधा निरुपद्रवी असते. प्लास्टरच्या केसासारख्या भेगा तर घराच्या सुरकुत्या, त्या बुजवता येतात. पण कोपऱ्यातून निघून तिरकी वर चढत गेलेली भेग दिसली की मी काम थांबवते. ती पायाची असू शकते. आमच्या शहरात कुठं घट्ट मुरूम लागतो, तर कुठं काळी माती. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि तिच्यावरचं घर तिच्यासोबत वरखाली होतं. पाया हललेलं घर रंगवता येतं, बरं करता येत नाही. निदान माझ्या ऐपतीत नाही.

ही भेग तिरकीच होती. खाली फरशीला लागून ओलही होती. रफिकभाईंनी ती खरवडून भरली. ती पुन्हा आली. मग मी भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली. हा जुना उपाय आहे. भिंत स्थिर असेल तर काच शाबूत राहते, हलली तर तडकते. काचेला कुणाची भीड नसते. काच तडकली.

ओळखीच्या एका बिल्डरनं सल्ला दिला, वरून लाकडी पॅनेल ठोका, गिऱ्हाईक खूश होईल. मी संगीताला बोलावून भेग दाखवली. तिनं भेगेवरून खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाली, “मॅडम, महिनाअखेर खोली रिकामी करायची आहे. मी थांबते. पण पायाच गेलेला असेल तर आत्ताच सांगा. लेकराला घेऊन मी असल्या भिंतीखाली झोपणार नाही.” बरोबरच होतं तिचं. त्या ओळीत दुसरं घर विकायला निघेल असं काही चिन्ह नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

रफिकभाईंचा निकाल तयार होता. “मॅडम, ये पडोसी का हौदच है. भिंतीला लागून तर है उनका हौद. गळ रहा होगा, पानी इधर आ रहा. मेरा काम पक्का है.” मलाही ते पटलं. पटायला सोयीचंही होतं, कारण मग पाया वाचत होता. मी काकांकडे गेले आणि शक्य तितक्या मऊपणानं सांगितलं की तुमचा हौद गळत असावा, एकदा रिकामा करून तपासू या.

काकांचा चेहरा लालबुंद झाला. “म्याडम, उभी हयात एसटीत गेली माजी. एक पाशिंजर बिनतिकिटाचा नेला नाय. अन् तुमी म्हनता माजा हौद गळतो? इथं पान्यासाठी जीव टांगनीला लागलेला असतो. हौद गळला असता तर पहिलं मला कळलं नसतं व्हय?” त्यांनी काठी उचलली. मला वाटलं, आता मारतात. त्यांनी ती हौदात बुडवून बाहेर काढली आणि ओली खूण माझ्यापुढं धरली. “काल वापरलं तितकंच कमी झालंय. परवा बी तसंच. पाहा.”

आमच्याकडं कुणाचा हौद गळतो म्हणणं म्हणजे त्याच्या घरच्या वळणावरच बोट ठेवणं आहे. हे मला इतकी वर्षं इथं राहून कळायला हवं होतं. मी निमूट परत आले.

त्यानंतर जे झालं ते ऐकून माझा विश्वास बसला नाही. पुढचा पाण्याचा दिवस दोन दिवसांवर आलेला. आख्खी कॉलनी तळाला गेलेलं पाणी पुरवून पुरवून वापरत होती. आणि सोनवणे काकांनी सकाळी सकाळी मोटर लावून पाइप रस्त्यावर काढला. “या, घेऊन जा. भरा. कळशी आना, ड्रम आना.” बायका आधी घाबरल्या, मग भांडी घेऊन धावल्या. मी पोचले तेव्हा काकू दारात कपाळाला हात लावून उभ्या होत्या. “लोकं पानी साठवतेत अन् आमचं मानूस वाटत सुटलंय. लई झालं आता. आंघोळीला काय वापरायचं, त्यांची तिकिटं?”

हौद रिकामा झाला. काका स्वतः आत उतरले, फडक्यानं तळ पुसला, कोरडा केला. वर येऊन मला म्हणाले, “आता पानी येईल तवा बी मी नळ सोडनार नाय. हौद असाच कोरडा राहील. तुमची भिंत ओली झाली नाय तर गुन्हेगार मी. आज सांगतो, सोताच्या हातानं फोडीन हौद. पन झाली, तर माझं नाव घ्यायचं नाय.”

एक आख्खी पाळी पाणी सोडून द्यायचं! बाहेरच्या माणसाला यात काय मोठं असं वाटेल. आमच्या शहरातल्या कुणालाही विचारा. शेजाऱ्यांनी दिलेल्या दोन घागरींवर त्या माणसानं घर चालवलं. मुलगी शेजारी यावी म्हणून जितकं, तितकंच स्वतःच्या हौदाच्या अब्रूसाठी. मी नवी काच लावली.

पाण्याचा दिवस आला. ठकठक करत बातमी ओळीतून पुढं गेली, आणि काकांच्या घरावरून हाकेनं उडी मारून आमच्याकडे आली, कारण त्यांनी नळ उघडलाच नव्हता. आमचा पुढचा हौद भरून नळ आपोआप बंद झाला. आम्ही मागच्या खोलीत जाऊन बसलो. मी, रफिकभाई, काका. पिवळ्या भिंतीच्या बुडाशी आधी एक गडद रेघ उमटली. मग ती रुंद झाली. थोड्या वेळानं काचेतून बारीक आवाज आला आणि काच तडकली.

काका ताडकन उठले. “पाहिलं? पाहिलं का? माजा हौद खडखडीत कोरडा हाय! मी सांगत होतो का नव्हतो?” रफिकभाईंचा खांदा धरून ते हसत होते. आणि हसता हसताच थांबले. त्यांच्या ध्यानात आलं. त्यांचा हौद नाही, म्हणजे मग हे घरच. म्हणजे पाया. म्हणजे संगीता येणार नाही. ते हळूच खाली बसले. जिंकलेल्या माणसाचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

माझं डोकं अशा वेळी चिडून चालतं. मी चिडले होते भिंतीवर. ही बया पाण्याच्या दिवशीच का रडते? जमिनीतली ओल असती तर रोज असती. काळ्या मातीला काय ठाऊक, आज नळाची पाळी आहे ते? नळ आला की ही भिजते, म्हणजे नळाचंच पाणी कुठूनतरी हिच्या पायाशी जातंय. काकांचं नाही, आमच्या हौदाचा नळ बंद झालाय. मग कुणाचं?

“रफिकभाई, पानी जानेके पहले,” मी म्हटलं, “कान लगाओ.”

सळईचं एक टोक फरशीवर आणि दुसरं कानाशी धरलं की आतलं पाणी वाहताना ऐकू येतं. सगळे प्लंबर हे करतात. पण त्यासाठी नळ चालू असावा लागतो, आणि तो कधी जाईल याचा भरवसा नसतो. रफिकभाई खोलीत फरशीमागून फरशीवर सळई टेकवत सरकत होते. नव्या न्हाणीच्या उंबऱ्याशी ते थांबले. भुवया वर गेल्या. सळई माझ्या हातात दिली. मी कान लावला. आत सुसकारा चालू होता, बारीक आणि अखंड.

“तोडू?” त्यांनी विचारलं. फरशी कालपरवाची, त्यांनी स्वतः जीव लावून बसवलेली.

“तोडा.”

दोन घावांत फरशी उखडली, मग चिखल, आणि चिखलातून पाण्याची पिचकारी थेट रफिकभाईंच्या दाढीवर. आत गंजलेला पाइप होता. त्याच्या तोंडात कधीकाळी ठोकलेली लाकडी खुंटी अर्धी कुजून कलली होती. मी बघताक्षणी ओळखलं. जुन्या मालकांनी गल्लीतल्या मोठ्या लाइनवरून गुपचूप दुसरा नळ घेतला होता. असे चोरनळ पकडायला सुरुवात झाली तेव्हा घाबरून खुंटी ठोकली, माती लोटली, वर फरशी बसवली आणि तोंड गप्प ठेवलं. नीट बंद करायचा तर रस्ता खणावा लागतो, आणि रस्ता खणला की सगळ्या गल्लीला कळतं. म्हणून लोक खुंटीवर भागवतात. इतकी वर्षं ती टिकली, म्हणूनच मला भिंत कोरडी दिसली होती. आमच्या तोडफोडीच्या हादऱ्यांनी ती ढिली झाली. मग प्रत्येक पाळीला काळी माती प्यायची आणि फुगायची, पुढच्या पाळीपर्यंत वाळून आक्रसायची, आणि भिंतीचा कोपरा तिच्यासोबत हलायचा.

पाया गेलेला नव्हता. नुसता एक पाइप होता! मी तिथंच चिखलात बसले आणि हसायला लागले. रफिकभाई दाढी पुसत म्हणाले, “शुक्र है अल्ला का, नींव सलामत है.” मग लगेच, “और मेरे काम में भी खोट नहीं है, हौ, लिख के रखो.”

सगळ्यात आधी भानावर आले काका. “आरं, वाया चाललंय की पानी!” ते ओरडले. कळशी धावत आणली, पिचकारीखाली धरली आणि मधेच हात आखडला. “चोरीच्या नळाचं हाय. माज्या हौदात नको.”

भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, “चोरी त्यानं केली, तहान आमाला लागलीया! पाइप लावा गपचिप!” काकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “काका, माझ्या घरातून येतंय, मी देतेय.” पाइप लागला; स्वतःचा नळ मात्र दिलेल्या शब्दाखातर त्यांनी त्या पाळीला बंदच ठेवला. कोरडा हौद त्या दिवशी पायाच्या घोट्याएवढा भरला. जन्मभर तिकिटं फाडलेल्या माणसाची ती पहिली बिनतिकिटाची खेप, असं रफिकभाई अजून सगळ्यांना सांगतात.

पुण्याला फोन लावला. जुने मालक शांतपणे म्हणाले, “अहो, तो तर मी केव्हाच बंद केला होता.” मी फोन ठेवला. भांडायचं होतं, पण इतकं मोकळं वाटत होतं की भांडण आठवेचना.

रीतसर रस्ता खणून तो चोरनळ मुळापासून तोडला. मातीच्या जागी मुरूम भरून तो धुम्मसानं ठोकून घट्ट केला, आडव्या सळया घालून भेग शिवली आणि नवी काच लावली. संगीताला सगळं दाखवलं, तो गंजका तुकडासुद्धा. तिनं तो हातात घेऊन फिरवून पाहिला. “ताप कशाचा होता ते कळलं ना, मग झालं. न कळणाऱ्या तापाचीच भीती वाटते.” तरी ती शहाणी. एक पाळी थांबली. पाणी आलं, गेलं. भिंत कोरडी, काच शाबूत. मग तिनं होकार दिला.

विकलेल्या घरात परत जायचं नाही, हा माझा तिसरा नेम. गेलं की आपण निवडलेल्या खिडकीवर लोकांनी पुठ्ठा ठोकलेला बघावा लागतो. या घराबाबत मात्र मी नेम मोडला. पाण्याचा दिवस बघूनच गेले. संगीता ड्युटीवर होती. प्रज्ञा मागच्या खोलीत पालथी पडून गृहपाठ करत होती. काच अजून भिंतीवर होती, तिच्याभोवती प्रज्ञानं पेन्सिलनं खिडकीसारखी चौकट काढली होती. सवयीनं मी भिंतीच्या बुडाशी तळहात टेकवला. कोरडं होतं.

तेवढ्यात पलीकडून भिंतीवर ठकठक झालं. “आलं गं बाई!” काकांचा आवाज.

प्रज्ञा उठली, मुठीनं भिंतीवर ठोकून उत्तर दिलं, पुढच्या अंगणात जाऊन नळ सोडला आणि तशीच आजीकडं पळाली. मी बाहेर आले तेव्हा दार सताड उघडं होतं. कडी लावायला माझा हात पुढं झाला होता. मी तो मागं घेतला आणि दार तसंच राहू दिलं.